दीडशहाणी

आमच्या घरी पाहुणा आला, पाणी पिऊन झालं, की दादांचा प्रश्न ठरलेला असायचा. "पोराचं स्पीड किती हाय?" पाहुण्याला आधी वाटायचं, मोटारसायकलचं विचारायलेत. मग माय आतून ओरडून सांगायची, "अवो, टायपिंगचं विचारायलेत ते!" दादा, म्हणजे माझे वडील, लातूरला सरकारी कचेरीत टंकलेखक होते. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा तो पहिला माणूस. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात कोळपं ओढलं, आणि दादांना ती खुर्ची मिळाली ती मिनिटाला चाळीस शब्दांच्या जोरावर. त्यामुळं जगात जे काही चांगलं आहे ते स्पीडनं मिळतं, यावर त्यांचा पक्का विश्वास बसला होता. माय भाकरी करायला बसली तरी ते म्हणायचे, "स्पीड कमी झालं गं तुझं." माय पिठाचा हात तसाच त्यांच्याकडं करून म्हणायची, "या मग, बसा तुम्ही तव्याम्होरं."

मी त्यांची एकुलती एक, सुजाता. मी मराठी चाळीस पहिल्याच खेपेला पास झाले, तेव्हा दादांनी गल्लीत पेढे वाटले होते. कचेरीतून लिलावात घेतलेलं एक जुनं टाईपरायटर पुढच्या खोलीत होतं. कुणी आलं की दादा म्हणायचे, "सुजा, बस बरं." मी बसायची. मान वर, डोळे समोरच्या कागदावर, आणि बोटं अशी पळायची की बाया तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. टकटकटकटक, ओळ संपली की टिंग, की खर्रकन गाडी मागं. दादा मनगटावरच्या घड्याळाकडं बघायचे आणि मिश्या पुसायचे. त्या खोलीत माझ्या इतकं मोठं कुणीच नव्हतं, आणि ते तसंच राहावं एवढीच माझी इच्छा होती. फार मागणं नव्हतं ते.

मग करुणा आली. मुदखेडला माझी आत्या राहायची, दादांची धाकटी बहीण. आतोबा रेल्वेत गँगमन. आत्या वर्षभर आजारी पडून गेली, आतोबांचं सगळं काम रुळांवर, घरात तरणी पोर एकटी. दादा मुदखेडला गेले आणि येताना तिला घेऊन आले. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी, आणि डोक्याला चपचपीत तेल. माझ्याहून वर्षानं लहान. मला म्हणाली, "जयभीम ताई, मी करुणा. काय करून राहिलात?" आमच्याकडं लातुरात "काय करायलीस" म्हणतात. मी आत जाऊन मायला तिची नक्कल करून दाखवली, "करून राहिलात, करून राहिलात." माय म्हणाली, "गप. आई गेलीय तिची." तेव्हा लाज वाटली असेल, आज आठवत नाही. पोटात दुखायला लागलं ते मात्र चांगलं आठवतं, कारण ते पुढं कित्येक वर्षं थांबलं नाही.

पहिलं दुखणं सुशीलाचं, म्हणजे मुरमुऱ्याच्या फराळाचं. मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी, वरून डाळ्याची पूड, झालं. आमच्याकडं माय करायची, मीही करायची, आणि दादा पेपर वाचता वाचता खायचे. करुणानं आठवडाभरानं केलं आणि दादांनी पेपर खाली ठेवला. "शांताच्या हातची चव हाय गं," म्हणाले. शांता म्हणजे आत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. आता तुम्हीच सांगा, मेलेल्या बहिणीच्या आठवणीनं माणूस रडतोय आणि त्यांची सख्खी लेक ताटातले मुरमुरे मोजतेय. कांदा कच्चा राहिलाय, असं मी म्हणाले. कांदा मुळीच कच्चा नव्हता. त्या दिवसापासून दादांना सकाळचा फराळ तिच्याच हातचा लागायला लागला.

दुसरं दुखणं टायपिंगचं, आणि ते जास्त खोल गेलं. करुणाचं स्पीड कसंबसं तीस. टाईपरायटरवर बसली की वाटायचं, ही अक्षरं शोधायलीय की पेरायलीय. टक. टक. टक. मी बाजेवर पडून हसायची. पण एकदा दादांनी दोघींना कुणाचा तरी लांबलचक अर्ज दिला, एकच मजकूर, नकला दोन. मी धडाधड मारलं. मधे दोन ठिकाणी अक्षरावर अक्षर बसलं, एक ओळ सुटली, पान काढून फेकलं, दुसरं लावलं. तिनं आधी सगळा अर्ज शांतपणे वाचला, मग बसली, आणि उठली तेव्हा तीन पानं तयार. एकही खाडाखोड नाही. माझं दुसरं पान तेव्हा निम्म्यावर होतं. दादांनी ती पानं उजेडात धरून बघितली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलंच नाही, हे मी बघितलं.

दादा निवृत्त झाले तेव्हा कचेऱ्यांतून टाईपरायटर हलायला लागले होते. औसा रोडला लागून आमचं घर, पुढची खोली रस्त्यावर उघडणारी. तिथं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान टाकायचं दादांनी ठरवलं. मला घेऊन ते दुकानात गेले आणि कपड्याच्या दुकानात टिकाऊ कापड मागावं तसं म्हणाले, "यातलं सगळ्यात जास्त स्पीडचं कोणतं?" दुकानदारानं एका चकचकीत डब्यावर हात ठेवला. "हे घ्या काका. तीनचं आहे. लातुरात अजून कुणाकडं नसेल." डब्याच्या तोंडावर चंदेरी स्टिकर, त्यावर तीनचा आकडा आणि पुढं गिगाहर्ट्झ. दादांनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही. मीही नाही. त्यात स्मृती किती, आतली जडणघडण कशी, हे विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. चाळीसच्या परीक्षेत पास झालेल्या माणसाला त्याच्या घरचं कुणी विचारतं का?

करुणाचा कॉम्प्युटर नांदेडहून आला. आत्या असताना ती सुट्ट्यांत रोज गाडीनं मुदखेडहून नांदेडला जाऊन एका दुरुस्तीच्या दुकानात काम शिकायची. तिथल्या उस्तादानं निरनिराळे भाग जुळवून तिला एक बनवून दिला होता. ती एस.टी.नं जाऊन घेऊन आली, गोधडीत गुंडाळून, सबंध वाट मांडीवर ठेवून. डबा पिवळा पडलेला, एका बाजूचा पत्रा वाकलेला. मी पहिलं काय विचारलं असेल? "स्पीड किती?" ती म्हणाली, "दीड."

दीड! मी इतकी हसले की माय चुलीपासून उठून आली. "दीड गं माय, दीड! दीडशहाणी आली बघ आमची!" ते नाव तिथंच चिकटलं. शहाणपणाचा आव आणणाऱ्याला सगळा महाराष्ट्र दीडशहाणा म्हणतो, पण आमच्या दीडशहाणीच्या डब्यात खरोखरच दीड होतं, ही मजा माझी एकटीची होती. शेजारच्या बायका, किराणावाला, सगळे तिला त्या नावानं हाक मारायला लागले आणि ती ओ द्यायची. चिडायची नाही. एखादी चिडणारी असती तर माझं निम्मं दुखणं तिथंच थांबलं असतं.

दर रविवारी सकाळी ती तिचा डबा उघडून बसायची. रंगाच्या जुन्या ब्रशनं धूळ झाडायची. आतून वीतभर लांबीच्या दोन हिरव्या पट्ट्या काढायची आणि त्यांच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर घासायची. दोन्ही टोकांच्या चापांवर अंगठे दाबले की पट्टी सुटून वर यायची, आणि खाचेत बसवून दाबली की खट्ट. मी पेपर वाचल्यासारखं करून सगळं बघायची.

दुकानाची पाटी रंगवायची वेळ आली. रंगाऱ्यानं निळ्या पत्र्यावर पांढऱ्यात 'कॉम्प्युटर टायपिंग' लिहून ठेवलं आणि पुढची जागा मोकळी सोडली. "नाव कुणाचं टाकायचं, काका?" मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? पण दादांनी आधी आम्हा दोघींकडं बघितलं. मग म्हणाले, "क्लासवाल्या सरांचं काम आलंय. वीस वीस पानांचे दोन पेपर, जीवशास्त्राचे. मजकूर अन् पानाला एक आकृती. एक सुजा करंल, एक करुणा. बारा वाजता लाईट जाती, त्याच्या आत जिचे कागद हातात येतील तिचं नाव पाटीवर." माझ्या बापाच्या दुकानावर माझं नाव लागायला परीक्षा! मी सगळं सोसलं असतं, सुशीलासुद्धा, पण ती पाटी मला हवी होती. औसा रोडनं जाणाऱ्या प्रत्येक एस.टी.तून दिसली असती ती.

आदल्या दिवशी दुपारी माय आणि करुणा गिरणीत दळण आणायला गेल्या होत्या. दादा वामकुक्षी करत होते. मी तिचा डबा उघडला. वाकलेला पत्रा नुसता ओढला तरी निघायचा. अंगठे दाबले, एक पट्टी वर आली. ती पट्टी काय काम करते, हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की घड्याळातला एक काटा काढला की घड्याळ बंद पडतं, तसं हे उद्या चालूच होणार नाही. पट्टी पदरात घेतली, स्वयंपाकघरात गेले आणि ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खाली दडवून आले. हाताला ज्वारीचा भुसा लागला होता, तो दिवसभर खाजत होता. आज लिहितानाही तो हात मी एकदा खाजवला, मनाचे खेळ, दुसरं काय.

सकाळी आठला लाईट आली. मी माझं मशीन चालू केलं आणि कान तिकडं लावले. तिचा डबा घरघरला. चालू झाला! त्या काळी चालू होताना काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभर मोजले जायचे. ते मोजून थांबले आणि करुणाही थांबली. एक बोट पडद्यापाशी नेलं. मग हात मागं घेऊन तिनं वेणी सोडली, पुन्हा घातली, आणि कामाला लागली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

टायपिंगमध्ये मी तिला कुठल्या कुठं मागं टाकलं. साडेदहाला माझी वीसच्या वीस पानं मारून झाली होती, तिची पंधरा. दादा मधल्या खुर्चीवर घड्याळ धरून बसलेले. मग आकृत्या आल्या. बेडकाचं हृदय, पानाचा छेद, मेंदू, मूत्रपिंड, एकेक स्कॅन करून मजकुरात बसवायची. चार बसल्या. पाचवीला पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथंच उभं राहिलं. डब्याच्या पोटातून आवाज यायला लागला, कर्र, कर्र, कर्र, कुणी आत सुपारी फोडतंय असा. सहावी. पुन्हा वाळूचं घड्याळ. वैशाखाचा महिना, वर पत्रे, डब्याच्या मागून भट्टीसारखी वाफ. मी एकच बटण दहादा दाबायची, आणि दहा वेळच्या दाबण्याचं उत्तर पाच मिनिटांनी एकदम यायचं. "अगं पळ की भवाने!" मी मशीनच्या पाठीत धपाटा घातला. दादा म्हणाले, "मारू नकोस, तीनचं हाय ते."

शेजारी ती तिच्या चालीनं चालली होती. टक. टक. पण तिनं आज एक निराळंच केलं होतं. वीस पानांची एक फाईल न करता पाच पाच पानांच्या चार केल्या होत्या. एक उघडायची, आकृत्या बसवायची, जतन करायची, बंद करायची, मगच दुसरी. चित्रंही आधी लहान करून घ्यायची. बाकी काही म्हणजे काही उघडं ठेवलं नव्हतं. पावणेबाराला तिचा प्रिंटर खडखडायला लागला. बारा वाजता पंखा थांबला, पडदा काळा झाला. माझ्या सतरा आकृत्या बसल्या होत्या, आणि त्यातल्या मी किती जतन केल्या होत्या ते विचारू नका. तिची वीस पानं दादांच्या मांडीवर होती.

मी किंचाळलेच. "हिनं कायतरी केलंय! माझ्या मशीनला हिनंच कायतरी केलंय, दादा! तीनचं मशीन दीडच्या मागं राहतंय व्हय?" होय, मी हे म्हणाले. ज्या बाईनं आदल्या दुपारी दुसऱ्याच्या डब्यात हात घातला, तिनंच हे म्हटलं, आणि म्हणताना मला ते खरंच वाटत होतं. हेव्यात माणूस किती खाली जातं हे दुसऱ्याचं बघून कळत नाही. दादांचाही चेहरा उतरला होता. त्यांच्यासाठी तो नुसता माझा पराभव नव्हता. "करुणा," ते म्हणाले, "खरं सांग पोरी. तीन मोठं का दीड मोठं?"

"तीनच मोठं, मामा." तिनं पेचकस आणला आणि डबा उघडला. माझा. तिचा नाही. मी घामानं भिजले होते, तिनं तिचा उघडला तर काय, या भीतीनं. "हे बघा, या आकड्याचा अर्थ एवढाच की आतला मेंदू एका सेकंदात किती ठोके मारतो. हिचा तीनशे कोटी, माझा दीडशे कोटी. पण तुमच्या टाईपरायटरवर एका ठोक्याला एकच अक्षर, तसं इथं नसतंय. कुणाचं एका ठोक्यात थोडं काम होतं, कुणाचं दुप्पट. माझा मेंदू निराळ्या घडणीचा हाय, सावकाश मारतो, पण एका ठोक्यात जास्त उरकतो. एकाच घडणीची दोन मशिनं असली तर बघावा आकडा. निराळ्या घडणीच्या दोघांचे ठोके मोजून काय कळणार?"

दादा पुढं सरकले. "बरं. मग ते करकर काय करत होतं?"

"ते तर खरं कारण हाय, मामा. मेंदूला काम करायला समोर कागद पसरावे लागतात. ही पट्टी म्हंजी त्याचं टेबल. हिच्यात एकच, तीबी लहान. आकृत्या मोठ्या, टेबलावर मावल्या न्हाईत. मग एक कागद उचलायचा, कपाटात, म्हंजी खालच्या डिस्कमधी, ठेवायचा, दुसरा आणायचा, पुन्हा पहिला लागला की पुन्हा जायचं. ती करकर म्हंजी कपाटाकडं जाणं-येणं. तेवढा वेळ तीनशे कोटी ठोके रिकामेच. वरून हा मेंदू लई तापतो, अन् जास्त तापला की जळू नये म्हून आपणहून ठोके कमी करतो. अकरा वाजता हिचं तीन राहिलं होतं का न्हाई, कुणाला ठाऊक."

दादांनी ती हिरवी पट्टी बोटानं चाचपली. मग एकदम मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजी चाळीसचा बाबू, अन् रेकॉर्ड रूम दुसऱ्या मजल्यावर! आमचे कुलकर्णी भाऊसाहेब! बोटं इमानासारखी उडायची, पण दर ओळीला उठून फाईल आणायला जायचे!" ते हसत होते आणि त्यांच्या आवाजात काहीतरी मोडल्यासारखंही झालं होतं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्यात पट्ट्या किती हायत गं?" तिनं माझ्या डब्याचा पत्रा लावायला घेतला. "माझ्यात पुरेशा हायत, मामा."

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं मोकळ्या जागेत 'करुणा' लिहिलं. पाटी ओट्यावर वाळत घातली होती आणि मी तिच्यावरून तीनदा उडी मारून आत-बाहेर केलं, पण नावाकडं बघितलं नाही. जेवले नाही. माय अंबाडीची भाजी आणि भाकरी घेऊन मागं मागं, मी तोंड भिंतीकडं करून. माझ्या मनात एकच गोष्ट घुमत होती, आणि ती हरण्याहून वाईट होती. मी तिचं निम्मं टेबल चोरलं होतं, तरी ती जिंकली होती.

चौथ्या दिवशी माय ओट्यावर ज्वारी निवडायला बसली. दादा शेजारी पेपर वाचत, करुणा त्यांना चहा देत होती, मी उंबऱ्यात. मायनं सुपात हात फिरवला आणि म्हणाली, "अगं बया, हे काय? हिरवी फणी निघाली ज्वारीत." दादांनी चष्मा लावला. पट्टी हातात घेऊन उलटी-पालटी केली. त्यांनी ती ओळखली, आणि हळूहळू त्यांची मान माझ्याकडं वळायला लागली. ती मान वळायला किती वेळ लागला ते मला आजही सांगता यायचं नाही. तेवढ्यात करुणा म्हणाली, "माझीच हाय ती, मामा. मीच ठेवली होती. जास्तीची होती, सुजाताईच्या मशीनला लावायची म्हून. ज्वारीत दमट धरत न्हाई ना." तिनं ती दादांच्या हातातून घेतली, ज्वारीचा भुसा पदरानं पुसला, खोडरबर घासला, आणि माझ्या देखत माझ्या मशीनमध्ये दाबली. खट्ट.

माझं मशीन पळायला लागलं. वीस पानं, तीस पानं, आकृत्या, काही म्हणा. एखादं निव्वळ आकडेमोडीचं काम असलं तर करुणाच्या मशीनच्या पुढंही जायचं. ती म्हणायची, "बघ ताई, तुझं तीन आता दिसून राहिलं." तुम्हाला वाटेल, मी रडले असेन, तिच्या गळ्यात पडले असेन. छे! मी आणखी जळले. हरवलं ते हरवलं, वर मला वाचवलंही, आणि वाचवल्याचं कुणाला दाखवलंही नाही. सूड घ्यायला काही जागाच ठेवली नाही बाईनं. दादांना खरं कळलं होतं की नाही, हे मला कधीच कळलं नाही. पाहुणे आले की त्यांनी मला मशीनवर बसायला सांगणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं.

वर्षाच्या आत करुणा नांदेडला गेली. सरकारी नोकरी लागली. टायपिंगची अट होती तीसची, आणि तिच्याकडं बरोबर तीस होतं. निघताना तिनं तिचा पिवळा डबा नेला, पट्टी नेली नाही. मी दादांना म्हणाले, "आता पाटी बदलू." दादा म्हणाले, "राहू दे. गिऱ्हाईकाला नाव ठाऊक झालंय." पुढं दादा गेले. मग तर बदलायचा विषयच राहिला नाही.

आता माझ्या केसांना मेंदी लागते. दुकानात तिसऱ्या पिढीची मशिनं आलीत. परवा एक पोरगी मोबाईल घ्यायचा म्हणून मला विचारत होती, "यात किती गिगाहर्ट्झ हाय बघा ना." मी तिला टेबल आणि कपाट सांगितलं, भाऊसाहेब कुलकर्णी सांगितले, तापला की फोन मंदावतो ते सांगितलं. ती म्हणाली, "किती छान समजावता हो, करुणाताई." हो, करुणाताई. इतकी वर्षं त्या पाटीखाली बसले, सगळा औसा रोड मला याच नावानं ओळखतो. लाईटबिलवाला, क्लासची पोरं, नवी आलेली शेजारीण. सुजाता म्हणणारे दादा आणि माय दोघंच होते, दोघंही गेले. पहिली काही वर्षं मी दुरुस्त करायची. मग सोडून दिलं.

गेल्या महिन्यात ती आली होती. निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत, गुडघे दुखतात म्हणाली. सकाळी तिनंच सुशीला केलं, आणि दुकानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून आम्ही खाल्लं. का कोण जाणे, घास तोंडात असताना मी बोलून गेले. "ती पट्टी मीच काढली होती."

"माहीत हाय की," ती म्हणाली. "चालू करतानाच पडद्यावर टेबलाचा आकडा निम्मा दिसला."

"मग बोलली का न्हाईस त्याच वेळी?"

तिनं ताटलीतले शेंगदाणे बोटानं बाजूला केले. आमच्याकडं आली तेव्हापासून ती ते शेवटी खायची. "बोलले असते तर मामांनी तुला कधी माफ केलं नसतं. अन् मला तिथं तुझ्याबिगर होतं कोण? तू दीडशहाणी म्हणायचीस, तर तेवढी एक हाक तरी माझी होती."

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं म्हणजे पुन्हा जळले. इतक्या वर्षांनी मी मोठ्या मुश्किलीनं एक खरी गोष्ट बोलायला गेले, तर तिथंही ही माझ्या आधी येऊन बसलेली. तेवढ्यात रस्त्यावरून एक पोरगा कागदांचा गठ्ठा घेऊन आत डोकावला आणि ओरडला, "करुणाताई!"

आम्ही दोघींनीही "ओ" दिली. पण माझी ओ आधी गेली. स्पीड अजून माझंच जास्त आहे.